पत्रा उडतो तो खालून

वळवाचं एखादं वादळ येऊन गेलं की दुसऱ्या दिवशीच्या बातम्या ठरलेल्या असतात. अमक्या गावात घरांवरचे पत्रे उडाले, तमक्या वस्तीवर गोठा आडवा झाला, जनावर दगावलं. मग पंचनामा, मग अर्ज, आणि शेवटी क्रांती चौकात नुकसानभरपाईसाठी धरणं. मागणी रास्तच आहे. पण २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्रानं ठरवलेल्या निकषांत घराला लागून असलेल्या गोठ्याला मदत होती ३ हजार रुपये. त्यात नवे पत्रे तर सोडाच, वेल्डरची मजुरी भागली तरी पुष्कळ. तेव्हा पत्रा मुळात उडतो कसा, हे शेतकरी बंधूंनी आणि गावच्या कारभाऱ्यांनी एकदा समजून घ्यावं.

आपला कारागीर कैची बनवताना वजनाचा विचार करतो. पत्र्याचं वजन, दुरुस्तीला वर चढणारा माणूस, सगळं वरून खाली येणारं. वाऱ्याचं काम बरोबर उलटं आहे. कमी उताराच्या छपरावरून जाताना वारा पत्रा दाबत नाही, वर ओढतो. आणि पत्रा भिंतीच्या बाहेर काढलेला असेल, तर भिंतीवर आपटलेला वारा वर वळून त्या वळचणीखाली शिरतो आणि खालून ढकलतो. वरून ओढ, खालून रेटा. म्हणून वळचण आधी उचकटते आणि तिच्यामागून सगळं छप्पर जातं.

इमारतींवरील वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आहे, आय.एस. ८७५, भाग ३. ते १९८७ साली निघालं, २०१५ साली सुधारलं. त्यात आपल्या शहराच्या भागासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरला आहे. समुद्र इथून लांब आहे, ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ कोकणात आदळलं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून चालत नाही ते यासाठी. या वेगाला दर चौरस मीटरवर साधारण ९३ किलोचा दाब तयार होतो. क्रांती चौकासारख्या दाट बांधकामाच्या ठिकाणी मानक वेग ९ टक्क्यांनी कमी धरू देतं. उघड्या शिवारात ती सवलत नाही. शहरात टिकलेलं शेड पाहून माळावर तसंच उभं करणं म्हणूनच धोक्याचं.

आता गोठ्याचा हिशेब करू. २० फूट रुंद, दोन पाखी, १० अंश उतार (सहा फुटाला फूटभर), कैच्या दहा-दहा फुटांवर आणि पत्रा तीन फूट बाहेर. अशा उतारावर वाऱ्याकडच्या पाख्याला वरची ओढ दाबाच्या १.२ पट, आणि खाली झुकलेल्या वळचणीला खालचा रेटा १.२५ पट. बेरीज २.४५ पट, म्हणजे चौरस मीटरला २२८ किलो. एका कैचीच्या वाट्याला वळचण येते ३० चौरस फूट, त्यावर उचल सव्वासहाशे किलोच्या वर. पत्रा, अँगल, कैची यांचं वजन वजा जाता सुमारे सहाशे किलो उरतात. सिमेंटच्या बारा गोण्या! शेतीच्या बांधकामाला मानक थोडी सूट देतं, ती इथं धरलेली नाही.

आतल्या छपराची ओढ वेगळीच. तीन बाजूंनी भिंती आणि तोंड वाऱ्याकडे असेल तर आत कोंडलेला वारा आणखी उचलतो. समोरच्या भिंतीत वर झरोके ठेवले तर त्याला वाट मिळते.

मग पत्रा बाहेर काढूच नये का? कडबा भिजतो, बैलाला सावली लागते, हे आम्हालाही कळतं. पण तीन फुटांऐवजी दीड फूट काढला तर ही उचल निम्मी होते. उतार २० अंशांवर नेला तर वरची ओढ १.२ वरून ०.४ पटीवर येते. पैसे वाचवण्यासाठी छप्पर चपटं करण्याची आपल्याकडची हौस अंगाशी येते ती इथंच.

कैचीची खालची आडवी पट्टी पुष्कळदा नुसत्या सळईची असते. एरवी तिच्यावर ताण असतो, तो ती सोसते. छप्पर उचललं की तिच्यावर दाब येतो आणि ती वाकते. दोरीनं ओढता येतं, ढकलता येत नाही, तसंच. तिथं अँगल किंवा पाइपच हवा. कैची खांबाला बोल्टानं आणि खांब पायाला पक्का बांधलेला हवा. दोन फूट लांब, रुंद नि खोल काँक्रीटचं वजन भरतं साडेपाचशे किलोच्या आत. नुसत्या वळचणीलाही ते पुरत नाही. आम्ही कृषीवाले, त्यामुळं खड्ड्याचं माप पंचायत समितीच्या अभियंत्याकडूनच घ्यावं.

राज्यानं २०२१ साली शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत दोन ते सहा जनावरांच्या गोठ्यासाठी ७७ हजार १८८ रुपये मंजूर केले होते. अशा कामाचं मोजमाप पुस्तक भरताना लांबी-रुंदी मोजली जाते, पाया आणि बोल्ट क्वचितच पाहिले जातात. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (म्हणजे आपले ग्रामसेवकच) आणि तांत्रिक सहायकांनी दाखला देण्याआधी वळचण किती बाहेर आहे आणि कडेच्या पत्र्याला हूक किती अंतरावर आहेत, एवढं तरी पाहावं. कडेला प्रत्येक पन्हाळीला हूक असावा, तोही पन्हाळीच्या उंचवट्यावर, वायसरासह.

आणि पत्र्यावर ठेवलेले दगड या उन्हाळ्यात खाली उतरवा. सहाशे किलोच्या उचलीपुढं दहा-पंधरा किलोचा दगड पत्रा धरून ठेवत नाही, आणि घसरला तर खाली बांधलेल्या जनावरावर किंवा झोपलेल्या माणसावरच पडतो.