हिमेराच्या स्मशानांतील साक्ष

बखरकार विजयाचें वर्णन करूं लागला म्हणजे त्याची लेखणी सेनापतींच्या नांवांपाशीं रेंगाळते. पोटासाठीं भाला धरणारांची नोंद घेण्यास तिला सवड होत नाहीं. आपल्या इकडच्या बखरी वाचणारांस हा अनुभव नवा नाहीं. परंतु ग्रीकांसारख्या चिकित्सक लोकांच्या इतिहासकारांकडूनही तसेंच व्हावें, आणि अडीच हजार वर्षांनीं हाडांनीं तें दाखवून द्यावें, ही गोष्ट आम्हांस नवलाची वाटली.

सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर हिमेरा नांवाचें ग्रीक वसाहतीचें नगर इ. स. पूर्वीं ६४८ च्या सुमारास वसलें. वसविणारे बहुतेक चाल्किसच्या शाखेचे. म्हणजे ज्यांच्या नांवावरून पाणिनीस ठाऊक असलेला आपला ‘यवन’ शब्द आला, त्या आयोनियनांपैकींच. त्यांस सिराक्यूजचे हद्दपार लोक मिळाले व तेथील बोली मिश्र झाली, असें थुसिडिडीज सांगतो. भाषा मिसळली तेथें माणसें निर्भेळ कशीं राहणार, ही शंका आमच्यासारख्या व्याकरणाच्या पंतोजीस तेव्हांच यावयास हवी होती!

इ. स. पूर्वीं ४८० मध्यें कार्थेजच्या हामिल्कारनें या नगरावर स्वारी केली. सिराक्यूजचा गेलॉन व आक्रागासचा थेरॉन धांवून आले आणि हामिल्कारचा पूर्ण मोड झाला. शत्रूच्या सैन्यांत फिनिशियन, लिबियन, आयबेरियन, सार्डिनियन, कॉर्सिकन असे नाना देशींचे लोक होते, याची यादीच हिरोडोटस देतो. आम्हीं शाळेंत हाच धडा वर्षानुवर्षें असा शिकविला कीं, एकीकडे एकजिनसी ग्रीक व दुसरीकडे गोळा केलेला जमाव. तो शिकवितांना आमचा आवाजही थोडा चढत असे, हें कबूल करणें भाग आहे.

या शतकांत हिमेराच्या पश्चिमेकडील स्मशानांत सैनिकांचीं सामुदायिक थडगीं सांपडलीं. बाळपणीं ज्या भूमीचें अन्नपाणी पोटांत जातें, तिचा ठसा दांतांच्या कवचांतील स्ट्रॉन्शियम धातूवर उमटतो व आमरण पुसत नाहीं. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या परीक्षेंत ४८० च्या सैनिकांपैकीं सुमारें दोनतृतीयांश बाहेरगांवचे निघाले. पण बाहेरचा म्हणजे सिराक्यूजचा ग्रीकही असूं शकतो. दांत तेवढाच भेद जाणतो. वंशाचा पत्ता सांगतें तें डी.एन.ए. जुन्या अस्थींत त्याचे तुकडे राहिलेले असतात, व ते इतर प्राचीन आणि हल्लींच्या लोकांशीं ताडून पाहतां येतात. २०२२ मध्यें याचा निष्कर्ष बाहेर आला: त्या ‘ग्रीक’ सैन्यांतील अनेकांचें मूळ उत्तर युरोप, युरेशियाचीं गवताळ मैदानें व कॉकेशस येथें होतें. शेजारच्या मूळ वस्त्यांत किंवा हिमेराच्या इतर नागरिकांत असें मूळ आढळलें नाहीं. अर्थात् हे आमच्या इतिहासांतील गारद्यांसारखे भाडोत्री शिपाई असले पाहिजेत. जो जमाव शत्रूकडे म्हणून आम्हीं हिणविला, तो दोन्ही बाजूंस होता.

इ. स. पूर्वीं ४०९ मध्यें हामिल्कारचा नातू हॅनिबल (रोमवर चालून गेलेला तो दुसरा) सूड घेण्यास आला. सिराक्यूजची कुमक माघारी वळली, व नगर बेचिराख झालें. त्या वेळच्या मृतांत बाहेरचे चवथाईच. पैशाचें व मित्रांचें बळ नसलें म्हणजे वेशीवर घरचींच मुलें उभीं राहतात.

गेलॉननें दहा हजारांहून अधिक परक्या शिपायांस सिराक्यूजचें नागरिकत्व दिल्याचें डायोडोरस लिहितो. राजवट पालटल्यावर त्यांतील सात हजारांहून अधिक उरले होते. त्यांस अधिकारपदें बंद झालीं व त्यांनीं बंड केलें. हिमेराच्या मातींत मात्र तसले परके नगरवासीयांच्याच स्मशानांत पुरलेले आहेत.