बदलून बघू!

मराठीतले सगळ्यांत महागडे शब्द कोणते, असं मला कुणी विचारलं तर मी ‘सोनं’, ‘फ्लॅट’ किंवा ‘डोनेशन’ यांतला एकही शब्द सांगणार नाही. मी सांगेन, ‘बदलून बघू’. पंखा घरघरतोय? कपॅसिटर बदलून बघू. पोट दुखतंय? डॉक्टर बदलून बघू. पोराला गणितात मार्क कमी पडले? क्लास बदलून बघू. यातल्या ‘बदलू’ला रोख पैसे पडतात आणि ‘बघू’ मात्र कुणीच बघत नाही.

या पंथाचे अनुयायी घरोघरी आहेत; पण त्याचा मुख्य मठ आहे मोटारीच्या बॉनेटखाली. त्यातही ज्या गाडीचं इंजिन घरच्या घरी काढून दुसरं बसवलंय, ती गाडी म्हणजे या पंथाची पंढरीच. तिथे सगळ्यांत मोठी वस्तू आधीच बदललेली असते, त्यामुळे हात बसलेला असतो. मग गाडी जरा खोकली की पंप, आणखी खोकली की प्लग, आणि तरीही खोकलीच तर पुन्हा इंजिन.

माझं म्हणणं साधं आहे आणि ते मी भांडून मांडणार आहे. इंजिन त्याच्या मूळ गाडीत चालत होतं. गाडी तिच्या मूळ इंजिनावर चालत होती. दोघांना एकत्र आणल्यावर बिघाड झाला, तर तो इंजिनात नाही आणि गाडीतही नाही. दोघांना जोडणाऱ्या सांध्यात आहे. लग्नात नाही का, मुलगी सोन्यासारखी, मुलगा निर्व्यसनी, आणि भांडण पेटतं ते विहिणीला दिलेल्या साडीवरून! तिथे कुणी ‘मुलगी बदलून बघू’ म्हणत नाही. साडीपाशी जातात.

आता उदाहरण. आमचा मेहुणा कोल्हापूरचा, आणि सासऱ्यांची काँटेसा त्याच्या ताब्यात. १९८४ साली हिंदुस्तान मोटर्सने ही गाडी आणली. घराणं मूळ इंग्लंडचं, व्हॉक्सहॉलचं. रूप असं ऐसपैस की आतून हमखास इंग्रजी सिनेमातला व्हिलन उतरणार असं वाटावं. आणि आत इंजिन १४८९ सी.सी.चं, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचं. पैलवानाच्या अंगात कारकुनाचं काळीज! (कारकुनांविषयी मी अधिकारवाणीने बोलू शकतो.) पुढे इसुझूचं १८१७ सी.सी.चं इंजिन आलं तेव्हा तिला जरा दम आला. सासऱ्यांची गाडी त्या आधीची.

तिच्यात मेहुण्याने टोयोटाचं ‘वन जेझेड’ घातलं. अडीच लिटर, एका ओळीत सहा सिलिंडर, वर टर्बो, आणि कागदावर २८० अश्वशक्ती. ‘कागदावर’ अशासाठी की त्या काळी जपानी कंपन्यांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं, २८०च्या वरचा आकडा जाहीरच करायचा नाही. खरी शक्ती किती ते ज्याचं त्याला ठाऊक. आपल्याकडे ही पद्धत उत्पन्न जाहीर करताना वापरतात.

बसवाबसवी घरामागच्या शेडमध्ये झाली. उद्यमनगर जवळ असल्यामुळे लेथवर जे करून मिळतं ते सगळं करून मिळालं. माउंटिंगचे कंस, कापून आखूड केलेला प्रोपेलर शाफ्ट, सगळं नंबर एक. (गाडी शेतातल्या खाजगी रस्त्यावरच चालवायची, फाटकाबाहेर काढायची नाही, ही सासऱ्यांची अट. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही अशा करामतींवर डोळे वटारून आहेत. सासरे निवृत्त हेडमास्तर. कायदा पाठ.)

आणि गाडी सुरू होईना. स्टार्टर कण्हायचा, एखादं आवर्तन घ्यायचा आणि मान टाकायचा.

मग शेडमध्ये पंथाची सभा भरली. पहिला म्हणाला, बॅटरी बदलून बघू. मोठी बॅटरी आली. दुसरा म्हणाला, स्टार्टर बदलून बघू. तोही आला, आणि जुन्यासारखाच कण्हू लागला. तिसऱ्याने बरंच वेळ इंजिनाकडे बघून, तेराव्याला आल्यासारखा चेहरा करून निदान सांगितलं, “इंजिनच जाम आलंय. दुसरं मागवा.” त्या आठवड्यात मेहुणा मुदत ठेव मोडायचा फॉर्म घेऊन माझ्या काउंटरवर आला. “दाजी, फक्त सही झाली का बघा.” सही झाली होती. बहिणीच्या घराच्या हप्त्यांत मदत म्हणून ठेवलेले पैसे होते ते. मुदतीला पाच महिने उरले होते.

मला मोटारीतलं काही कळत नाही. पण कॅश न जुळणं म्हणजे काय, ते मला कळतं. संध्याकाळी कॅशमध्ये फरक आला तर आम्ही कॅशियर बदलून बघत नाही. फरक किती, ते आधी बघतो. फरकाला नऊने भाग जातो? मग कुणीतरी ४५चे ५४ लिहिलेत, आकड्यांची अदलाबदल शोधा. निम्म्या फरकाएवढी नोंद सापडते? मग जमेची रक्कम नावे पडली आहे. ही विद्या वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षात शिकवतात आणि तिला एक पैसा लागत नाही. फरक बोलतो, वाचकहो! फक्त त्याचं ऐकायला बसावं लागतं. नवी खतावणी आणून जुना फरक मिटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. तो पुढच्या पानावर ओढला जातो, एवढंच.

उद्यमनगरातले एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी हट्टाने त्यांना बोलावलं. चाचा आले, त्यांनी सुटा भाग एकही मागवला नाही. मेहुण्याला म्हणाले, “चावी मार,” आणि स्वतः बोटाने ॲक्सिलरेटरची केबल चाचपली. चटकन हात मागे घेतला.

“केबल का तापती रे?”

सभा गप्प. ॲक्सिलरेटरची केबल ही ओढायची वस्तू, ती तापेलच कशाला? पण तोच तर फरक बोलत होता! इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. बॅटरीतून स्टार्टरकडे गेलेल्या करंटला परत यायला वाट हवी, म्हणून इंजिनापासून बॉडीला एक जाडजूड पट्टी जोडतात, अर्थिंगची. जुनं इंजिन काढताना ती सुटली आणि नवं बसवताना कुणालाच आठवली नाही. मग बिचारा करंट मिळेल त्या चोरवाटेने, म्हणजे केबलच्या तारेतून, घरी परतत होता. स्टार्टर फिरवायला लागणारा करंट तो. केबल वितळली नाही हे नशीब.

चाचांनी मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर धरली आणि पुन्हा चावी मारायला लावली. अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं होतं. आकडा कुठच्या कुठे गेला. मग त्यांनी जंपर केबल घेतली, बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट ब्लॉकला लावली. पहिल्या चावीला वन जेझेड असं गरजलं की शेडवरची कबुतरं पंचगंगेपलीकडे गेली असावीत.

इथे गोष्ट संपली असती तर पंथ बुडाला असता. पण गाडी काळा धूर ओकू लागली. प्लग काजळीने माखले. झालं! “इंजेक्टर बदलून बघू.” “टर्बो गेला, टर्बो बदलून बघू.” या वेळी सभेत एक सुशिक्षितही होता. त्याने डायग्नोसिसच्या डबीत ‘टीई-वन’ आणि ‘ई-वन’ या दोन टोकांना तारेचा तुकडा लावला. जुन्या टोयोटांत असं केलं की डॅशबोर्डवरचा दिवा मिचकावून चुकीचा नंबर सांगतो. दिवा एकसारखा मिचकावत राहिला, म्हणजे चूक काही नाही. “बघा, सगळं ओके. म्हणजे इंजिनच खराब,” सुशिक्षित म्हणाला.

माझ्यातला कारकून इथे खडबडून जागा झाला. ‘सगळं ओके’ याचा अर्थ काय, ते ऑडिटच्या दिवसांत आम्ही चांगलं ओळखतो. व्हाउचर आहे, सही आहे, शिक्का आहे. फक्त माल आलेलाच नाही! या इंजिनात हवेचा दाब मोजणारा एक सेन्सर असतो आणि इनटेक मॅनिफोल्डमधला दाब त्याच्यापर्यंत एक बारीक रबरी नळी नेते. ती नळी निघून लोंबत होती. सेन्सरची वायर शाबूत, त्यामुळे कॉम्प्युटरची तक्रार नाही. पण सेन्सर मोजत होता बाहेरची मोकळी हवा. मोकळ्या हवेइतका दाब म्हणजे ॲक्सिलरेटर तळाला टेकला आहे, असा कॉम्प्युटरचा समज. तो इमानेइतबारे पेट्रोल ओतत राहिला. गाडी जागेवर उभी, आणि पेट्रोल मात्र अंबा घाट चढतानाचं!

नळी बसवली, क्लिप लावली. धूर गेला. दर दोन दिवसांनी बॅटरी उतरायची, तिचं कारण डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा उडालेला बल्ब निघाला; त्या बल्बमधून येणाऱ्या चिमूटभर करंटवरच या अल्टरनेटरला जाग येते. पाणी उकळायचं, कारण पंख्याच्या वायरी उलट जोडल्या होत्या आणि तो वाऱ्याच्या विरुद्ध फुंकत होता. सगळे सांधे. एकही सुटा भाग खराब नव्हता, आणि शेडच्या कोपऱ्यात बदलून बघितलेल्या चांगल्या भागांचा ढीग माझ्या कमरेला लागत होता.

एक सांधा मात्र चाचांनी पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला. जुन्या गाडीची पेट्रोलची रबरी नळी तशीच ठेवली होती. कार्ब्युरेटरला चार-पाच पौंडांचा दाब पुरतो. इंजेक्शनला चाळीसच्या आसपास लागतो. नळी फुगली होती आणि जोडापाशी पेट्रोलचे थेंब धरले होते. खाली तापलेला टर्बो. चाचांनी काही न बोलता चावी काढून आपल्या खिशात घातली आणि योग्य नळी येईपर्यंत दिली नाही. बदलायचीच होती तर ही वस्तू होती, आणि सभेतल्या एकालाही ती सुचली नव्हती.

आता माझा खरा राग कुणावर, ते सांगतो. तो मेकॅनिकवर नाही. चाचांनी दीड दिवसाच्या शोधाचे बाराशे रुपये मागितले. त्यावर मेहुणा, ठेव मोडून बॅटरी-स्टार्टर-पंप घेणारा हा माझा मेहुणा, म्हणाला, “चाचा, बाराशे? तुम्ही बदललं काय? एक पट्टी आणि दोन नळ्या!”

घ्या! खोक्यातून आलेल्या नव्या पंपाचे पैसे आपण हसत मोजतो, कारण तो हातात धरता येतो आणि त्याच्यासोबत खोकंही मिळतं. ‘डोकं चालवलं’ या सदराखाली बिलात एक ओळ आली की आपण घासाघीस सुरू करतो. मग मेकॅनिकने तरी डोकं का चालवावं? त्याला घर नाही? आपणच त्याला शिकवलंय की बाबा, शोधू नकोस, बदल. शोधण्याचे आम्ही देणार नाही. पंथाचा मठाधिपती बॉनेटखाली वाकलेला नसतो, तो पाकीट हातात धरून बाजूला उभा असतो. चाचांचे बाराशे शेवटी सासऱ्यांनी दिले. वर शंभर आणि चहा.

गाडी आता झकास चालते. शेतातला रस्ता चारशे मीटर, सरळ, आणि त्याच्या टोकाला विहीर आहे. पन्नास अश्वशक्तीसाठी केलेले ब्रेक अजून तेच आहेत. इतक्या वस्तू बदलल्या गेल्या, पण ब्रेक बदलून बघू असं कुणी म्हणालं नाही, कारण ब्रेक धूर सोडत नाहीत. मेहुणा परवा फोनवर म्हणत होता, “दाजी, या की एकदा, चक्कर मारू.” मी त्याला ठेवीचा नवा फॉर्म पाठवून दिला आहे. ‘कारण’ या रकान्यात ‘ब्रेक’ असं पेन्सिलीने मीच लिहून ठेवलंय.