छोट्या ट्रॅक्टरला केवढा ब्लोअर घ्यायचा?



ऑक्टोबर छाटणी जवळ आली की ब्लोअरची चौकशी सुरू होते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, 600 लिटरचा घेऊ का?" माझं स्पष्ट मत सांगते. 24 एचपीच्या ट्रॅक्टरमागे लिफ्टवर उचलायचा 600 लिटरचा ब्लोअर *घेऊ नका.* शेजाऱ्याने घेतला असला तरी.

आधी वजन बघा. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो. टाकी भरली की 600 किलो पाणीच झालं. पंप, पंखा, गिअरबॉक्सचं लोखंड वेगळं. 24 एचपीच्या बऱ्याच ट्रॅक्टरची लिफ्ट 750 किलोची असते, तीही खालच्या लिंकच्या टोकाला मोजलेली. ब्लोअरचं ओझं त्याच्याही मागे लोंबतं, म्हणून प्रत्यक्षात कमीच उचललं जातं. उचललंच तर पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग लागत नाही आणि चढावर ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. विक्रेता म्हणेल, पुढे वजनं लावा. पुढची चाकं थोडी दबतील, पण लिफ्टची ताकद त्याने वाढत नाही.

आता गंमत बघा. एकरी 400 लिटर धरलं तर दोन एकराला 800 लिटर लागतं. 400 च्या टाकीने दोन वेळा भरायचं. 600 च्या टाकीनेही दोनच वेळा!

टाकीपेक्षा महत्त्वाचा पंखा, कारण पीटीओची जास्त ताकद तोच खातो. 24 एचपीच्या इंजिनातून पीटीओला साधारण 20 एचपी मिळते. पंखा तेवढीच मागत असेल तर चढाला इंजिन दबतं, पीटीओचे 540 फेरे टिकत नाहीत, हवा पडते आणि पंपाचं पाणीही घटतं. वरची पानं ओली दिसतात, आतली खालून कोरडी राहतात. केवडा पानाच्या खालच्या बाजूनेच शिरतो. औषध भारीतलं असून रोग आला, अशा तक्रारीत मी आधी हेच तपासते. पंखा फार मोठा असला तरी अडचणच, औषध वेलीतून पार होऊन पुढच्या ओळीत जातं.

पंपाचं गणित सोपं आहे. ताशी 4 किलोमीटर वेगाने 9 फुटी ओळीत एकराला साधारण 22 मिनिटं लागतात. 400 भागिले 22, म्हणजे सगळ्या नोझलमधून मिळून मिनिटाला 18 लिटर. टाकी ढवळायला थोडं जास्त धरा. त्यासाठी सगळ्यात मोठा पंप कशाला?

अनुदान आहे म्हणून मोठा घेऊ, असंही काही जण म्हणतात. अनुदान एकदाच मिळतं, डिझेल आणि क्लचचा खर्च दरवर्षी आपलाच.

मोठी टाकी हवीच असेल तर चाकांवरचा, ओढायचा ब्लोअर बघा. फक्त ओळीच्या टोकाला वळायला जागा आहे का ते आधी मोजा. 400 चा घेतानाही रिकाम्या ब्लोअरचं वजन आणि लागणारी पीटीओ एचपी विक्रेत्याकडून लिहून घ्या. ब्लोअर तुमच्याच प्लॉटवर आणायला सांगा, साधं पाणी भरून चढाच्या ओळीत चालवा आणि आतलं पान उलटून बघा.

इसार देण्याआधी ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतल्या लिफ्ट आणि पीटीओच्या पानाचा फोटो याच नंबरवर पाठवा, आपण मिळून जुळवून बघू.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी