आता आपला स्वार हवा

या आठवड्यात वाळवंटातल्या डाकार रॅलीची चित्रफीत पाहताना माझी नजर मोटरसायकलच्या हँडलवरच्या रोडबुकवर, म्हणजे वाटेच्या टिपणांवर खिळली. ताशी शंभरच्या वेगानं वाळू तुडवताना स्वार त्यातल्या खाणाखुणा वाचतो. एक वळण चुकलं की दिवस बुडाला. आपल्याकडे रस्ता चुकला तर टपरीवर विचारता येतं, तिथे विचारणार कोणाला? ‘हिरो’ या आपल्या दुचाकी कंपनीचा संघ २०१७पासून ही परीक्षा देतोय. २०२०मध्ये त्यांचा स्वार पाउलो गोन्साल्विस स्पर्धेतच अपघातात गेला, संघानं माघार घेतली. पुढच्याच वर्षी संघातला आपला भारतीय स्वार सी. एस. संतोष जबर जखमी झाला. दुसऱ्या कोणी गाशा गुंडाळला असता. पण २०२२मध्ये जोआकिम रॉड्रिग्जनं, पाउलोच्याच मेहुण्यानं, टप्पा जिंकला आणि २०२४मध्ये बोत्स्वानाचा रॉस ब्रांच दुसरा आला. ऊर भरून येतो हो! तरीही स्पष्ट सांगतो, हिरोच्या पुढच्या हंगामांचा कुठलाही आराखडा भारतीय स्वाराशिवाय अपुरा आहे. केरळच्या हरित नोआनं २०२४मध्येच डाकारचा रॅली-२ हा दुसऱ्या फळीचा गट जिंकून दाखवलाय, तोही दुसऱ्या संघाकडून. हिरोनं देशातली दोन तरुण पोरं निवडावीत, काही वर्षं परदेशी वाळवंटात तयार करावीत आणि मग डाकारला उतरवावीत.