विद्यापीठाजवळचे घर



मुलांची शिक्षणे वाढू लागली तशी आपल्या खेड्यांतील कुटुंबांत एक नवी इच्छा मूळ धरू लागली आहे. विद्यापीठाच्या आसपास, शहराच्या गजबजाटापासून थोडे दूर, एखादी सदनिका किंवा लहानसा भूखंड घ्यावा; मुलांची सोय होईल, म्हातारपणी आपणही तेथे राहू आणि गुंतविलेला पैसाही वाढेल, असे पुष्कळांना वाटते. इच्छा वाईट नाही. परंतु एकाच घराकडून या तिन्ही गोष्टींची अपेक्षा ठेवली म्हणजे व्यवहार डोळे मिटून होतो. म्हणून या प्रश्नाचा आज साकल्याने विचार करू आणि उदाहरणादाखल गोव्यातील ताळगावचे पठार डोळ्यांपुढे ठेवू.

गोवा विद्यापीठाची स्थापना १९८५ साली झाली. तत्पूर्वी पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबई विद्यापीठाचे एक केंद्र पणजीत चालत असे. ताळगावच्या जांभ्या दगडाच्या पठारावर सुमारे ४२७ एकरांचा विद्यापीठाचा परिसर पसरलेला असून तेथून झुवारी नदीचे विशाल मुख दिसते. एका अंगाला बांबोळीस वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. दुसऱ्या अंगाला दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. पठाराच्या पायथ्याशी ताळगावची जुनी भातशेते असून दरवर्षी २१ ऑगस्टला तेथे नव्या कणसांचा सण होतो.

अशा ठिकाणी शांतता का असते, हे आधी ओळखले पाहिजे. विस्तीर्ण जमीन विद्यापीठाकडे असल्यामुळे तेथे घरांची दाटी होत नाही, बाजारपेठ वाढत नाही, आणि रहदारीही बहुतेक वर्गांच्या वेळेपुरतीच असते. परंतु ही शांतता विद्यापीठाच्या कुंपणापर्यंतची! शेजारचा खासगी भूखंड आज झुडपांनी भरलेला असला, तरी उद्या तेथे पाच मजले उभे राहणार नाहीत, अशी हमी कोणी देत नाही. तेव्हा आपल्या भूखंडाबरोबर शेजारचा भूखंडही नियोजन आराखड्यात कोणत्या विभागात दाखविला आहे, हे नगरनियोजन खात्यात जाऊन पाहावे.

शिवाय काही वस्त्या शांत असतात त्या तेथे कोणी राहतच नाही म्हणून. गोव्यात पुष्कळ सदनिका दूरच्या धनिकांनी घेऊन ठेविलेल्या असून वर्षाचे बहुतेक दिवस त्यांना कुलूप असते. रात्री आठ वाजता इमारतीसमोर उभे राहून किती खिडक्यांत दिवे लागले आहेत, ते मोजावे. आजारपणात दार ठोठावायला शेजारी नसेल, तर ती शांतता म्हाताऱ्या माणसास जाचक होते. घर एकदाच, डिसेंबरच्या आल्हादक हवेत पाहून ठरवू नये. मे महिन्यात नळाला किती वेळ पाणी येते व टँकर मागवावा लागतो काय, हे विचारावे. आषाढात उतारावरून येणारे पाणी कोठे साचते, ते स्वतः जाऊन पाहावे.

आता मुलांच्या सोयीचा प्रश्न. विद्यापीठाच्या आवारातील शिक्षण मुख्यतः पदव्युत्तर असते आणि ते बहुधा दोन वर्षांत संपते. पदवीपर्यंतचे शिक्षण तर गोव्यातील गावोगावच्या संलग्न महाविद्यालयांतून होते. दोन वर्षांच्या गरजेसाठी वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेणे शहाणपणाचे आहे काय? वसतिगृहाचा किंवा भाड्याच्या खोलीचा दोन वर्षांचा खर्च एका बाजूस मांडावा आणि कर्जाचे दोन वर्षांचे नुसते व्याज दुसऱ्या बाजूस मांडावे. मग ज्या कुटुंबाची नोकरी किंवा धंदा त्या भागातच आहे, त्यानेच घर विकत घेण्याचा विचार करावा.

विचार ठरला, तर मग कागदपत्रे. महाराष्ट्रात जसा सातबारा, तसा गोव्यात एक-चौदाचा उतारा. त्यात कब्जेदाराचे व कुळाचे नाव असते. परंतु केवळ उताऱ्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध झाली, असे होत नाही. १९६१ पूर्वीचे दस्तऐवज पोर्तुगीज भाषेत असतात. ते वाचू शकणाऱ्या वकिलाकडून मालकीची साखळी तपासून घ्यावी. जमीन कोमुनिदादीची तर नाही ना, तिच्यावर मुंडकाराचे घर तर नाही ना, हे पाहावे. कारण मुंडकारास १९७५ च्या कायद्याचे संरक्षण आहे. घरबांधणीसाठी जमिनीची रूपांतर-सनद हवी, आणि तयार इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र हवे. नव्या प्रकल्पात घर घेणाऱ्याने २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली प्रकल्पाची नोंदणी झाली आहे काय, हे विचारावे. त्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार झाल्यावाचून बांधकाम व्यावसायिकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम आगाऊ घेता येत नाही.

या सर्वांहून नाजूक कागद मात्र आपल्याच घरात तयार होतो. नव्या घरासाठी पैसा बहुधा गावची वडिलोपार्जित मालमत्ता विकून उभा केला जातो. गोव्यातील भातशेती शेतकरी नसलेल्या माणसास विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आहेत, हे आधी ध्यानात असावे. दुसरी गोष्ट वारशाची. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली आणि तिच्यातील वारसाहक्काची तत्त्वे आज २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात कायम आहेत. विवाहापूर्वी वेगळा करार झालेला नसल्यास पती-पत्नी दोघेही संपत्तीचे समान धनी असतात. एकाच्या संमतीवाचून दुसऱ्यास स्थावर विकता येत नाही. आईबापांना मृत्युपत्राने निम्मी मालमत्ताच आपल्या इच्छेप्रमाणे देता येते. उरलेली निम्मी मुलांसाठी राखीव असून तीत मुलगा व मुलगी असा भेद नाही.

कायदा असा स्वच्छ असताना व्यवहारात काय घडते? लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीपुढे हक्कसोडीचा कागद ठेविला जातो. "सही कर, भावाचे घर होत आहे," एवढेच तिला सांगतात. जमिनीला किती किंमत आली, हे तिला ठाऊक नसते. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. पुढे कधीतरी तो आकडा तिच्या कानावर येतो, आणि मग सणासुदीचे येणे-जाणे थांबते. काही घरांत भाचे कोर्टाची पायरी चढतात. शांततेसाठी घेतलेल्या घरात मग नोटिसा येऊ लागतात.

हे टाळणे अवघड नाही. सर्व भावंडांना व त्यांच्या जोडीदारांना एकत्र बसवावे. जमिनीची खरी किंमत सर्वांसमोर सांगावी आणि कागद प्रत्येकाला समजेल अशा भाषेत मोठ्याने वाचून दाखवावा. बहिणीचा वाटा रोख द्यावा, नाही तर नव्या घराच्या खरेदीखतात तिचे नाव घालावे. सर्व जाणून तिने आपण होऊन हक्क सोडला, तर ती तिची उदारता. तिला अंधारात ठेवून मिळविलेली सही मात्र फसवणूकच होय. तसेच गावचे राहते घर विकण्याची घाई करू नये. जन्मभर अंगणात वावरलेल्या आईला तिसऱ्या मजल्यावर नेण्यापूर्वी तिचे मन विचारावे, आणि ते मन बदलल्यास परत येण्यासाठी गावी तिची एक खोली तरी राखून ठेवावी.

वाचकहो, पठारावरचे मोकळे वारे आणि विद्यापीठाचा शेजार मुलांना लाभला, तर आनंदच आहे. पण बयाणा देण्यापूर्वी वकिलाचा अहवाल हाती असावा, आणि त्याहीपूर्वी बहिणीच्या घरी जाऊन यावे.