खिडकी कुणी बंद करायची?

एखाद्या पुस्तकावर वाद घालायचा तर ते आधी वाचलेलं असावं लागतं, असा एक भाबडा समज आहे. प्रत्यक्षात वाद रंगतो तो बहुधा न वाचलेल्या पुस्तकावरच. त्यातून ते पुस्तक मुलांचं असलं, तर विचारायलाच नको! मुलं बिचारी कोपऱ्यात बसून वाचत असतात आणि मोठी माणसं दिवाणखान्यात भांडत असतात. फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाच्या 'हिज डार्क मटेरिअल्स' या तीन भागांच्या कादंबरीचं नेमकं असंच झालं. तिच्याविषयी वाचकांनी दिलेली मतं एकत्र ठेवून पाहिली, तर पुस्तकापेक्षाही आपल्याविषयी, म्हणजे पालक नावाच्या जमातीविषयी, पुष्कळ काही कळतं.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिला भाग 'नॉर्दर्न लाइट्स' १९९५ मध्ये आला, दुसरा १९९७ मध्ये आणि तिसरा २००० मध्ये. लायरा ही अकरा-बारा वर्षांची, खोटं बोलण्यात तरबेज असलेली उनाड मुलगी ऑक्सफर्डमध्ये वाढते. पण हे ऑक्सफर्ड आपलं नव्हे. तिच्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याचं रूप घेऊन त्याच्या सोबत हिंडतो. त्याला 'डीमन' म्हणतात. लहान मुलांचे डीमन घटकेत पाखरू, घटकेत मांजर होतात, आणि मूल वयात आलं की एकाच रूपात कायमचे स्थिरावतात. दुसऱ्या भागात आपल्या जगातला विल नावाचा मुलगा येतो. त्याला हवेत एक खिडकी सापडते आणि तिच्यातून तो पलीकडच्या जगात जातो. पुढे त्याच्या हाती एक सुरी लागते. तिने दोन जगांमधला पडदा कापता येतो. अशी जगं असंख्य आहेत आणि त्या सगळ्यांवर धर्मसत्तेची कमीअधिक सावली आहे.

वाचकांनी या कादंबरीला डोक्यावर घेतलं. पहिल्या भागाला बालसाहित्यासाठीचं कार्नेगी पदक मिळालं. तिसऱ्या भागाला २००१ चा व्हिटब्रेड पुरस्कार मिळाला. वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक म्हणून तो मुलांच्या पुस्तकाला मिळण्याची ही पहिलीच वेळ. २००३ मध्ये बीबीसीने ब्रिटनमधल्या वाचकांचा कौल घेतला, तेव्हा टॉल्किनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पहिली आली, जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' दुसरी आणि पुलमनची ही कादंबरी तिसरी. पुढे २००७ मध्ये, कार्नेगी पदकाच्या सत्तर वर्षांतल्या निवडक मानकऱ्यांमधून सर्वांत आवडतं पुस्तक लोकांनी निवडलं, ते 'नॉर्दर्न लाइट्स'. दुसरं आलं फिलिपा पिअर्स यांचं १९५८ सालचं 'टॉम्स मिडनाइट गार्डन'. वाचकांनी आद्याक्षरं बरोबर निवडली, नाव मात्र चुकवलं, असं पुलमन त्यावर म्हणाले. दोघांचीही आद्याक्षरं 'फि. पि.' आणि 'फि. पु.' अशी जुळतात, ही त्यातली गंमत.

आता दुसरी बाजू. २००२ मध्ये ब्रिटिश पत्रकार पीटर हिचन्स यांनी पुलमनना देशातला सर्वांत धोकादायक लेखक ठरवलं. २००७ मध्ये पहिल्या भागावरचा चित्रपट आला, तेव्हा अमेरिकेतल्या कॅथलिक लीगने त्यावर बहिष्काराची हाक दिली. त्याच वर्षी कॅनडातल्या ऑंटॅरिओमध्ये हॉल्टनच्या कॅथलिक शाळामंडळाने ही पुस्तकं ग्रंथालयांच्या कपाटांतून काढली. २००८ मध्ये अमेरिकेत ज्या पुस्तकांवर सर्वाधिक आक्षेप नोंदवले गेले, त्यांच्या यादीत ही मालिका दुसरी होती. गंमत अशी की, चित्रपटवाल्यांनी वाद नको म्हणून धर्मसत्तेवरची टीका बरीच बोथट केली. त्यामुळे विरोधक शांत झाले नाहीतच, उलट पुस्तकावर प्रेम करणारेही नाराज झाले. पुढचे दोन भाग पडद्यावर आलेच नाहीत. अखेर दूरदर्शन मालिकेने २०१९ ते २०२२ मध्ये ती गोष्ट पूर्ण केली.

आक्षेप घेणाऱ्यांना सरसकट वेड्यात काढणं मला पटत नाही. पुलमन तटस्थ नाहीत. सी. एस. लुइस यांच्या 'नार्निया' मालिकेत लाकडी कपाटामागे दुसरं जग सापडतं, आणि त्या जगातून ख्रिस्ती श्रद्धा मुलांच्या मनात हळूच उतरते. पुलमन यांनी १९९८ मध्ये 'नार्निया'वर कडाडून टीका केली होती. त्यांची कादंबरी हे एका अर्थी लुइसना दिलेलं उत्तरच आहे. म्हणजे एकाने कपाटातून देव आणला आणि दुसऱ्याने खिडकीतून प्रश्न आणला. आपल्या श्रद्धेवर प्रश्न विचारणारं पुस्तक मुलाच्या हाती पाहून आईबापांचा जीव वरखाली झाला, तर त्यात नवल नाही. आपल्याकडेही तो होतो, फक्त पुस्तकांची नावं वेगळी असतात.

पण आक्षेप घेणाऱ्याने निदान पुस्तक वाचावं. 'या पुस्तकात मुलं देवाला मारतात', असं त्या वेळी सर्रास सांगितलं गेलं. पुस्तकात काय आहे? आपणच निर्माता आहोत असं भासवून राज्य करणारा एक जीव म्हातारा होऊन एका स्फटिकाच्या पेटीत थरथरत पडलेला असतो. मुलांना त्याची दया येते. ती त्याला हात देऊन बाहेर काढतात आणि तो वाऱ्यात विरून जातो. मला हा प्रसंग क्रौर्याचा वाटला नाही, करुणेचा वाटला. दुसऱ्या कुणाला तो तरीही खटकेल, आणि खटकू द्यावा. पण खटकावं ते जे लिहिलं आहे ते. कानावर आलेल्या गोष्टीवर खटकून घेण्यात काय अर्थ?

या वादात मला सर्वांत मोठा माणूस वाटला तो रोवन विल्यम्स. ते तेव्हा कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू होते. त्यांनी या कादंबरीवरचं नाटक पाहिलं, २००४ मध्ये पुलमन यांच्यासोबत व्यासपीठावर बसून मोकळेपणाने चर्चा केली आणि ही पुस्तकं शाळेतल्या धर्मशिक्षणाच्या तासाला वाचली जावीत, असं सुचवलं. ज्याच्या घरावर दगड पडला, त्याने दगड हातात घेऊन निरखावा आणि मुलांनाही दाखवावा, यातच श्रद्धेचं बळ दिसतं. घाबरते ती श्रद्धा आतून डळमळीत असते.

हे सगळं मोठ्यांचं झालं. लहान वाचकांची तक्रार मात्र भलतीच आहे. तिच्यात ना चर्च, ना देव. माझ्या स्नेह्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीने तिन्ही भाग वाचले. तिचे आईवडील आशयाच्या काळजीत होते. मुलगी मात्र एकच प्रश्न घेऊन रुसून बसली होती, "काका, एक खिडकी त्यांनी उघडी ठेवली असती तर काय बिघडलं असतं?"

हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. शेवटी लायरा आणि विल यांचा एकमेकांवर जीव जडतो, आणि तेव्हाच त्यांना कळतं की, उघड्या राहिलेल्या प्रत्येक खिडकीतून जगांचं चैतन्य गळून चाललं आहे. सगळ्या खिडक्या बंद कराव्या लागणार. एकच उघडी ठेवता येईल, आणि ती मृतांच्या सुटकेसाठी हवी आहे. परक्या जगात माणूस फार वर्षं तगत नाही. म्हणून दोघं कायमची दुरावतात. दर वर्षी एका ठरावीक दिवशी, ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानातल्या एकाच बाकावर, आपापल्या जगात, तासभर बसायचं, एवढंच वचन उरतं. १६२१ साली स्थापन झालेल्या त्या उद्यानात हा बाक खरोखर आहे. वाचक तिथे जाऊन बसतात. कुणीकुणी त्यावर लायरा-विलची नावं कोरून ठेवली आहेत. (आपल्याकडच्या किल्ल्यांची आठवण झाली ना? हा रोग जागतिक आहे!)

काही वाचक म्हणतात, तिसरा भाग पसरट झाला, लेखक गोष्ट सोडून व्याख्यान देऊ लागला. त्यात तथ्य आहे. पहिल्या भागातली चिलखती अस्वलं आणि बर्फाळ उत्तरेचा थरार पुढे जरा विरतो. पण तो शेवट मात्र अढळ आहे.

समांतर जगाची कल्पना मराठी वाचकाला परकी नाही. डॉ. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगात जाऊन येतात, जिथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते. अशा कथांचं मोल पलायनात नसतं. 'असंही होऊ शकलं असतं' हे एकदा कळलं की 'हे असंच का?' हा प्रश्न आपोआप सुचतो. मोठ्या माणसांना भीती वाटते ती या दुसऱ्या प्रश्नाची. वरवर ती देवधर्माची दिसली, तरी मुळात ती आपल्या शब्दाला कुणी 'का' विचारील याची असते.

मग पालकांनी करावं काय? माझं मत साधं आहे. पुस्तक लपवू नये आणि नुसतं हातात देऊन मोकळंही होऊ नये. मुलाच्या आधी किंवा मागोमाग आपणही वाचावं. आपल्याला जे पटलं नाही, ते जेवताना स्पष्ट सांगावं आणि त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे पुस्तक जड जाईल, तेव्हा थोडं थांबायला हरकत नाही. थांबणं वेगळं आणि बंदी वेगळी. बंदीने फक्त एवढंच होतं, की मूल ते पुस्तक आपल्याशिवाय वाचतं.

या कादंबरीत खिडक्या बंद करण्याचा निर्णय कुणी वडीलधारा मुलांवर लादत नाही. कारण काय आणि किंमत किती हे त्यांना समजावून दिलं जातं, आणि मग ती दोघं रडत रडत, पण स्वतःच्या मनाने, तो घेतात. आपल्या मुलांच्या जगातल्या काही खिडक्याही कधी ना कधी बंद व्हायच्याच आहेत. त्या बंद करायचं शहाणपण त्यांना यायला हवं असेल, तर आधी त्यांना त्या उघडून पाहता आल्या पाहिजेत.