जोडीतली एक थांबली की…

आमच्या गावातल्या बॅडमिंटन हॉलमध्ये दोन मुली रोज संध्याकाळी खेळायला यायच्या. एकीच्या वडिलांचं किराणा दुकान, दुसरीची आई अंगणवाडीत. शाळेकडून दुहेरीत खेळून दोघी जिल्ह्यापर्यंत पोचल्या होत्या. दहावीचा निकाल लागला आणि एकीचं येणं बंद झालं. 'आता खेळ पुरे, अभ्यासाकडे बघ,' असं घरून सांगण्यात आलं. दुसरी आठवडाभर एकटीच येऊन भिंतीवर शटल मारत राहिली. मग तिनंही रॅकेट खुंटीला टांगली. थांबवलं एकीला, थांबल्या मात्र दोघी!

त्या दिवसापासून मला पार्क जू-बोंग यांची गोष्ट सारखी आठवते. कोण हे पार्क, असं तुम्ही विचाराल. साहजिक आहे. सायना, सिंधू आपल्याला घरच्या लेकींसारख्या ठाऊक असतात. पण दुहेरी खेळणाऱ्यांची नावं आपल्या तोंडी नसतात, आणि प्रशिक्षकांची तर त्याहून नाहीत. पार्क हे दोन्ही.

दक्षिण कोरियात 1964 साली जन्मलेला हा माणूस दुहेरीचा बादशहा होता. पुरुष दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून जागतिक स्पर्धेची पाच सुवर्णपदकं, ऑल इंग्लंडची नऊ विजेतेपदं. 1992 मध्ये बार्सिलोनाला बॅडमिंटनला ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा पदकांचं स्थान मिळालं, तेव्हा पुरुष दुहेरीचं सुवर्ण पार्क आणि किम मून-सू यांनी जिंकलं. 1996 ला अटलांटात रा क्यूंग-मिन हिच्यासोबत मिश्र दुहेरीत रौप्य मिळालं; अंतिम सामन्यात हरवलं तेही कोरियाच्याच दुसऱ्या जोडीनं. गंमत बघा, यातलं एकही पदक त्यांचं एकट्याचं नाही. प्रत्येकाच्या बाजूला दुसरं नाव आहे.

पुढे त्यांनी इंग्लंड आणि मलेशियात शिकवलं आणि 2004 मध्ये ते जपानचे राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. तोवर जपानला बॅडमिंटनमध्ये ऑलिंपिकचं एकही पदक मिळालेलं नव्हतं. तिथले खेळाडू मोठमोठ्या कंपन्यांत नोकरीला असतात आणि कंपनीच्याच संघातून खेळतात. पगार चालू राहतो, ही चांगली गोष्ट. पण सराव ज्याचा त्याच्या कंपनीत, प्रशिक्षकही कंपनीचा. देशाचा संघ म्हणून एकत्र घाम गाळणं जवळजवळ नव्हतंच. पार्क यांनी आग्रह धरला तो याचाच. देशासाठी खेळायचं तर एका छताखाली, एका वेळापत्रकानं सराव झाला पाहिजे. त्यांनी जपानी भाषा शिकून घेतली. 2008 मध्ये टोकियोत राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं आणि या शिबिरांना हक्काची जागा मिळाली.

फळ एका रात्रीत आलं नाही. 2008 ला बीजिंगमध्ये सुएत्सुना आणि माएदा ही महिला जोडी चौथी आली. 2012 ला लंडनमध्ये फुजी आणि काकिइवा यांनी रौप्य आणलं, जपानचं बॅडमिंटनमधलं पहिलं ऑलिंपिक पदक. 2014 मध्ये तर आपल्या दिल्लीतच जपानच्या पुरुषांनी पहिल्यांदा थॉमस कप उचलला. 2017 मध्ये ग्लासगोच्या अंतिम सामन्यात आपल्या सिंधूला हरवणारी ओकुहारा आठवते ना? तीही याच तालमीतली. आणि 2018 ला महिलांचा उबर कप तब्बल 37 वर्षांनी जपानला परतला.

पण माझ्या मनात घर करून राहिल्या आहेत त्या ताकाहाशी आणि मात्सुतोमो. सेंदाई शहरातल्या एकाच शाळेतल्या दोघी, एक वर्षानं पुढेमागे. शाळेत जमलेली ही जोडी पुढे नोकरीलाही एकाच कंपनीत लागली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकचा अंतिम सामना, समोर डेन्मार्कची जोडी. एकेक गेम झालेला, तिसऱ्यात ह्या 16-19 अशा मागे. दोन गुण गेले की संपलं! तिथून ओळीनं पाच गुण घेऊन दोघींनी 21-19 नं सुवर्ण जिंकलं. जपानचं बॅडमिंटनमधलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण, आणि तेही महिला दुहेरीत.

अशा वेळी आपण म्हणतो, 'काय जिद्द!' जिद्द तर होतीच. पण जिद्दीच्या मागं काय काय होतं तेही मोजूया. शाळेनंतर न तुटलेली जोडी, महिन्याचा पगार, सरावाची पक्की जागा आणि वर्षानुवर्षं तोच मार्गदर्शक. आमच्या गावातल्या त्या दोघींकडे जिद्द कमी नव्हती. बाकीचं काहीच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, 'दुसऱ्याला पुढे करून आपण मागं राहायचं, हेच तर आपण बायका घरात करतो. मग आपणही पार्कच की!' हे ऐकायला गोड वाटतं, पण मला पटत नाही. दुहेरीचा खेळ नीट बघा. हल्ला करताना एक जाळीपाशी, एक मागं. बचाव करताना दोघी शेजारी शेजारी. आणि जागा सतत बदलत राहतात. मागची पुढे येते, पुढची मागं जाते. कायम एकीनंच मागं राहून पळायचं, असा नियम तिथं नाही. आणि प्रशिक्षक मागं उभा असला तरी त्याच्या कामाला नाव आहे, मान आहे, पगार आहे. आपल्या घरात जागा कधी बदलतात का? 'संसार म्हणजे जोडीचा खेळ' असं लग्नात सगळेच सांगतात. स्वयंपाकघराची बाजू मात्र जन्मभर एकीचीच!

आपल्याकडेही दुहेरीकडे लक्ष उशिरानंच गेलं. वर्ध्यात जन्मलेली ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी 2011 मध्ये जागतिक स्पर्धेत महिला दुहेरीचं कांस्य मिळवलं, भारताचं या प्रकारातलं पहिलं पदक. किती जणींना ठाऊक होतं? पुढे मुंबईचा चिराग शेट्टी आणि सात्त्विकसाईराज चमकले, 2022 ला थॉमस कप भारतात आला, तेव्हा कुठे घराघरांत दुहेरीचं नाव झालं. त्या दोघांना घडवणाऱ्यांत माथियास बो होता, तोही डेन्मार्कचा जुना दुहेरीचाच खेळाडू.

पार्क यांनी जपानमध्ये सुमारे वीस वर्षं काढली. 2025 मध्ये त्यांच्या मायदेशानं, कोरियानं, त्यांना राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून बोलावून घेतलं. साठी ओलांडलेला माणूस पुन्हा दुसऱ्यांच्या खेळासाठी कोर्टाच्या कडेला बसला.

मैत्रिणींनो, आपल्या गावात ऑलिंपिकचं केंद्र येणार नाही, हे मलाही कळतं. पण संध्याकाळी सहा ते सात हॉल मुलींसाठी राखून ठेवा, असं पत्र महिला मंडळ देऊ शकतं. मुलींना घरी पोचवायची पाळी चार आया वाटून घेऊ शकतात. आणि दहावी झालेल्या लेकीचा खेळ बंद करण्याआधी एक प्रश्न आपण स्वतःला विचारू शकतो, 'हिच्या जोडीला कोण आहे?'

मी त्या दोघींच्या घरी जाऊन आले. किराणा दुकानवाले अजून 'बघू' म्हणताहेत. त्यांच्या बायकोनं मात्र मला दारापर्यंत सोडताना हळूच विचारलं, "ताई, हॉल किती वाजेपर्यंत उघडा असतो?"